चहा नाही मिळाला की डोकं ठणकतं, मग हे व्यसन झालं का?

सॅरिडॉनच्या पाकिटामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कधीतरी वाचून बघा. पॅरासिटॅमॉल आहे, प्रॉपिफेनाझोन आहे आणि सोबत ५० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक कप चहात असतं तेवढं. आता समजा सकाळच्या घाईत चहा राहिला, धावत लोकल पकडली, दुपारी जेवायच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं आणि गोळी घेतल्यावर तासाभरात उतरलं, तर त्यात पेनकिलरचं श्रेय किती आणि राहून गेलेल्या चहाचं किती हे सांगणं अवघडच.

कारण रोजचं कॅफीन थांबलं की शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत अनेकांची डोकेदुखी सुरू होते. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते ठराविक रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर, जाऊन बसलं की पेंग यायला लागते. कॅफीनचा रेणू दिसायला त्याच्यासारखाच, त्यामुळे तो आधी जाऊन जागा अडवतो, कर्जत लोकलमध्ये विंडो सीटवर रुमाल टाकतात ना तसं. अ‍ॅडेनोसिन कुठे जात नाही, बिचारं उभं राहतं, आणि रुमाल उचलला की बदाबदा येऊन बसतं. रोज कॅफीन घेणाऱ्याचा मेंदू या अडवाअडवीशी जुळवून घेतो, मग एक दिवस कॅफीन आलंच नाही की मेंदूतल्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा जास्त रुंदावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि कपाळात ठणके. सोबत आळस, चिडचिड, कशात लक्ष नाही. दोनेक दिवस जोर असतो, आठवड्याभरात बहुतेकांचं ओसरतं.

आणि यासाठी दिवसाला दहा कप लागतात असंही नाही. १९९२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, ६२ लोक, दिवसाला सरासरी २३५ मिलिग्रॅम कॅफीन घेणारे. त्यांचं खाण्यापिण्यातलं कॅफीन बंद करून गोळ्या दिल्या, पण कुठल्या गोळीत कॅफीन आहे आणि कुठली नुसतीच आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. नुसत्या गोळीवर असताना निम्म्याहून जास्त लोकांना चांगलीच डोकेदुखी झाली, म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत. रमजानमधल्या रोजांच्या पहिल्या एक-दोन दिवसांत डोकं दुखतं त्यातही याचा हात असतो. आपल्याकडे उपासाला चहा चालतो, साबुदाण्याच्या खिचडीआधी दोन कप झालेले असतात, ज्याने कोणी ही सूट दिली त्याला मानलं पाहिजे!

तर मग हे व्यसन का? मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जो डीएसएम-५ हा ग्रंथ वापरतात (२०१३ चा), त्यात कॅफीन सोडल्यावर होणारा त्रास हे अधिकृत निदान आहे, पण ‘कॅफीनचं व्यसन’ मात्र अधिकृत यादीत नाही, ते मागे ‘अजून अभ्यास हवा’ या भागात ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही तसंच, कॅफीनची नशा आहे, सोडल्यावरचा त्रास आहे, अवलंबित्व नाही. दारू-तंबाखूला जे अकरा निकष लावतात, त्यातले दोन जुळले तरी सौम्य व्यसन धरतात. तेच चहाला लावले तर ‘आज दोनच कप’ म्हणून चार पिणारे आणि वाढत्या कपांची सवय झालेले सगळे अडकले असते, म्हणजे अख्खी मुंबई पेशंट. अशा निदानाचा उपयोग काय!

खरी गंमत अशी आहे की सोडल्यावर त्रास होणं हे व्यसनाचं माप नाहीच मुळी. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ बीटा ब्लॉकर, अचानक बंद केल्या तर प्रेशर उसळतं, छातीत दुखू शकतं, पण कोणी त्या गोळीसाठी घरात खोटं बोलत नाही की पगार उडवत नाही. शरीर अवलंबून आहे, इतकंच. उलट जुगार बघा, पोटात काहीच जात नाही, तरी डीएसएम-५ ने तो व्यसनांच्या प्रकरणात घेतलाय. कारण तिथे ताबा सुटलेला असतो, नुकसान डोळ्यांसमोर दिसतंय तरी हात थांबत नाही. चहाच्या बाबतीत बहुतेकांचं असं होत नाही, डॉक्टरने अ‍ॅसिडिटीसाठी बंद करायला सांगितला तर कुरकुरत का होईना बंद होतो. थोड्या लोकांचा होतही नाही, हृदयाची धडधड, झोपेचे बारा, डॉक्टरची तंबी, तरी सुटत नाही, त्यांच्यासाठीच तो ‘अभ्यास हवा’ वाला भाग.

किती चालतं म्हणाल तर निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, गरोदर बाईला २००. कटिंगमध्ये जेमतेम वीस-पंचवीस असेल, माटुंग्याच्या फिल्टर कॉफीत त्याच्या तिप्पट-चौपट, एनर्जी ड्रिंकच्या छोट्या कॅनमध्ये ८०. संध्याकाळच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही रक्तात फिरत असतं, त्यामुळे रात्री छताकडे बघत पडलात तर गादीला दोष देऊ नका.

आता टपरीवरच्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे या, एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हातात सिगरेट. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं, आणि कॅफीन तोडण्याचं काम नेमकं त्याच एन्झाइमचं. त्यामुळे सिगरेटवाल्याच्या अंगातून कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने निघून जातं, म्हणून त्याला चार चहा पचतात. असा माणूस सिगरेट सोडतो तेव्हा काही दिवसांतच एन्झाइम थंडावतं, चहा मात्र तेवढाच, उलट हात रिकामे म्हणून दोन जास्तच, आणि रक्तातलं कॅफीन दुपटीवर जातं. हात थरथरतात, झोप येत नाही, धडधड होते, आणि त्याला वाटतं सिगरेट सोडल्याचा त्रास होतोय, मग तो परत टपरीवर. सिगरेट सोडताना चहा-कॉफी निम्म्यावर आणा हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला किंवा निकोटिनचं च्युइंगम खाणाऱ्याला ही भानगड नाही.

निकोटिन हे मात्र कॅफीनचं थोरलं भावंड वगैरे नव्हे, जातच वेगळी. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत, आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं संपलेलं, म्हणून सकाळी डोळे उघडताच हात खिशाकडे जातो. निकोटिन किती भिनलंय हे तपासायच्या प्रश्नावलीत एक महत्त्वाचा प्रश्न हाच असतो, उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगरेट? पाच मिनिटांच्या आत असेल तर सगळ्यात जास्त गुण. १९९४ साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत एकदा तरी तंबाखू घेतलेल्यांपैकी ३२ टक्के लोक त्यात अडकले होते, हेरॉइनसाठी हाच आकडा २३ टक्के आणि दारूसाठी १५. म्हणजे चाखणाऱ्यातले किती अडकतात या हिशोबात तंबाखू हेरॉइनच्याही पुढे.

आणि आपल्याकडे तंबाखू म्हणजे सिगरेट नव्हेच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे मोठे लोक ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. यात मळलेली चिमूट आहे, २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा आहे आणि मिशरी आहे. तव्यावर तंबाखू भाजून काळी पूड करायची आणि सकाळी दातांना लावत बसायचं, ही आजी-आत्या लोकांची मिशरी घराघरात ‘दात घासणं’ म्हणून खपून जाते. दुपारी परत, संध्याकाळी परत, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकं भणभणतं. दिवसातून तीन-तीनदा कोण दात घासतं? जी सून नवऱ्याच्या सिगरेटवरून घर डोक्यावर घेते तीच सासूबाईंना मिशरीची डबी आणून देते, आणि कोणालाच काही वावगं वाटत नाही.

नुसती सुपारीही यातून सुटत नाही. त्यातलं अ‍ॅरेकोलिन मेंदूतल्या निकोटिनच्याही काही रिसेप्टरवर काम करतं, आणि कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २००३ मध्येच सुपारीला पक्क्या कॅन्सरकारक यादीत टाकलं, तंबाखू नसला तरीही. आधी तोंड आतून ताठ होत जातं, मग पाणीपुरी तोंडात जाईना. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसलेल्या पेशंटमध्ये तोंडाच्या कॅन्सरवाले किती दिसतात ते तिथून जाणाऱ्याला सांगायला नको. गंमत म्हणजे त्याच संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयित यादीतून बाहेर काढलं आणि ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना मात्र संशयित धरलं, तेव्हा कटिंग जरा फुंकून प्या.

चहा कमी करायचा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप उतरवत जा, डोकं फारसं दुखत नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र एका रात्रीत बंद करू नये, त्यात फिट येऊन जीवही जाऊ शकतो, डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी. तंबाखूसाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, हा नंबर पुडीवरच छापलेला असतो, आणि मिशरीसाठी फोन केला तरी चालतो.