बॅकअप कॉर्नरबॅक: खेळ, किंमत आणि नाव

बॅकअप कॉर्नरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला असा बचावपटू जो टीमच्या यादीत असतो पण पहिल्या पसंतीच्या अकरांत नसतो. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ डोळ्यासमोर येतो, हा तो नाही, यात लंबगोल बॉल हातात घेऊन पळतात आणि लांब फेकतात, आणि तो बॉल झेलायला जो रिसीव्हर सुसाट सुटतो त्याच्या अंगाला चिकटून पळणं हे कॉर्नरबॅकचं काम. हे काम मुळातच अवघड आहे कारण रिसीव्हरला आपण कुठे वळणार ते आधीपासून माहीत असतं आणि कॉर्नरला ते त्याच्या कंबरेकडे बघून ओळखावं लागतं, तेही बऱ्याचदा मागे मागे पळत. त्यात १९७८ पासून डाव सुरू होतो त्या रेषेच्या ५ यार्ड पुढे रिसीव्हरला ढकलायलाही बंदी आहे.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, टीमची यादी ५३ जणांची असते आणि मॅचच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त ४८ उतरू शकतात. साधारण पाच-सहा कॉर्नर ठेवले जातात. दोन बाहेरच्या बाजूंना खेळतात आणि तिसरा आत, म्हणजे स्लॉटमध्ये. कागदावर हा तिसरा बॅकअप दिसतो, पण आता अर्ध्याहून जास्त वेळ टीम पाच डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारे मागचे बचावपटू, घेऊनच खेळतात (याला निकेल म्हणतात), त्यामुळे तिसऱ्याला बॅकअप म्हणणं चूकच आहे. खरा बॅकअप चौथ्या नंबरापासून सुरू होतो.

खेळ मोजायचा कसा

सगळ्यात जास्त फिरणारा आकडा म्हणजे त्या कॉर्नरवर बॉल टाकल्यावर निघणारं पासर रेटिंग, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या खेळाला मिळणारे गुण. हे शून्यापासून १५८.३ पर्यंत जातं आणि कॉर्नरसाठी जितकं कमी तितकं चांगलं. गंमत म्हणजे क्वार्टरबॅकने (बॉल फेकणाऱ्याने) प्रत्येक बॉल नुसता जमिनीवर आपटला तरी त्याचं रेटिंग ३९.६ येतं.

स्टार्टरसाठी, म्हणजे सुरुवातीपासून खेळणाऱ्यासाठी, हा आकडा ठीक आहे, बॅकअपसाठी जवळजवळ निरुपयोगी, आणि का ते एक हिशोब मांडला की कळतं. समजा एका बॅकअपवर वर्षभरात १० बॉल टाकले गेले, त्यातले ६ झेलले गेले, ८० यार्ड गेले, टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) नाही की इंटरसेप्शन (फेकलेला बॉल बचावपटूने पकडणं) नाही. रेटिंग येतं ८५.४, म्हणजे बरा खेळला. आता हुकलेल्या चारपैकी एक बॉल त्याच्या हातात पडला असं धरा, रेटिंग लगेच ४५.८ वर येतं आणि लोक म्हणणार हिरा सापडला. त्याऐवजी झेललेल्या सहापैकी एकावर टचडाउन झाला असता तर ११८.८, म्हणजे हाकला याला. माणूस तोच, बाकीचे नऊ बॉलही तेच, फक्त एका बॉलने त्याची पूर्ण ओळख बदलली. म्हणून इतक्या कमी बॉलवरून कुणी बॅकअपला चांगला-वाईट ठरवत असेल तर ते मनावर घेऊ नये.

मग बघायचं काय? तो कुणाच्या जागी उतरला आणि समोर कोण होतं. आत सेफ्टीची, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या बचावपटूची, मदत होती की एकट्याला सोडलं होतं. बॉल सुटायच्या वेळी तो रिसीव्हरपासून किती लांब होता, कारण झेल गेला तरी कव्हरेज चांगलं असू शकतं आणि झेल सुटला तरी कव्हरेज भिकार असू शकतं. टॅकल नीट करतो का, पेनल्टी किती देतो. आणि स्पेशल टीम्स, म्हणजे किक आणि पंटच्या (बॉल लाथेने लांब समोरच्या टीमकडे मारण्याच्या) वेळचे खेळ! चौथा-पाचवा कॉर्नर टीममध्ये टिकतो तो बहुतेक वेळा याच्याच जिवावर, पंटच्या वेळी बाजूने सुसाट पळत जाऊन रिटर्नरला आडवं करणारा गनर खूप वेळा बॅकअप कॉर्नरच असतो, आणि पास कव्हरेजच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

पैशांचं गणित

२०२४ मध्ये प्रत्येक टीमची पगाराची मर्यादा २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्याच वर्षी सात किंवा जास्त सीझन झालेल्या खेळाडूचा किमान पगार होता १२ लाख १० हजार, पण अशा अनुभवी माणसाला किमान पगारावर एक वर्षासाठी घेतलं तर एका खास नियमामुळे मर्यादेत फक्त ९ लाख ८५ हजारच धरले जायचे. हा नियम नसता तर टीमनी म्हातारे बॅकअप सोडून सगळी पोरंच भरली असती. बॅकअपच्या करारात एकूण रकमेपेक्षा गॅरंटी किती आहे ते बघावं, कारण गॅरंटी नसलेला पैसा खेळाडूला काढलं की त्याच्या हातात पडतच नाही. साइनिंग बोनस मात्र लगेच मिळतो आणि हिशोबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, म्हणून ज्याला मोठा बोनस दिलाय त्याला काढणं टीमलाच महाग पडतं.

मॅक्सवेल आणि बटलर

कॉर्नरबॅक बायरन मॅक्सवेल २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या फेरीत सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे आला आणि दोन वर्षं मागेच राहिला. २०१३ मध्ये पुढचे दोघे, ब्रँडन ब्राउनर आणि वॉल्टर थर्मंड, दुखापत आणि निलंबनामुळे बाहेर गेले तेव्हा शेवटच्या पाच मॅच याला मिळाल्या. त्या सीझनमध्ये त्याने ४ इंटरसेप्शन घेतले आणि सीहॉक्सनी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, ४३-८ अशी जिंकली. दुसऱ्या बाजूला रिचर्ड शर्मनसारखा तगडा कॉर्नर असल्यामुळे क्वार्टरबॅक मॅक्सवेलच्याच बाजूला बॉल टाकायचे, म्हणजे बॉल पकडायची संधीही त्यालाच जास्त, आणि मागे अर्ल थॉमससारखा सेफ्टी उभा. २०१५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला ६ वर्षांचे ६ कोटी ३० लाख डॉलर दिले, त्यात अडीच कोटी गॅरंटीड. पहिल्याच मॅचमध्ये अटलांटाचा रिसीव्हर हुलिओ जोन्सने ९ झेल, १४१ यार्ड आणि २ टचडाउन काढले आणि त्यातलं बरंचसं मॅक्सवेलसमोर. एका सीझननंतर त्याला मायामीला देऊन टाकलं. माझ्या मते यात मॅक्सवेलला फसवा म्हणणं साफ अन्याय आहे, तो होता तितकाच होता, ईगल्सनी एका माणसाला शर्मन आणि थॉमससकट असलेल्या व्यवस्थेचा भाव दिला.

माल्कम बटलरची गोष्ट उलट्या दिशेने सुरू होते. मिसिसिपीच्या व्हिक्सबर्गचा पोरगा, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये पहिल्या वर्षी फक्त एक मॅच त्याने सुरुवातीपासून खेळली. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सचा कॉर्नर काइल अ‍ॅरिंग्टन मार खात होता म्हणून दुसऱ्या हाफमध्ये बटलरला उतरवलं, आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना सीहॉक्स टचडाउनपासून १ यार्डावर असताना त्याने त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा बॉल रिसीव्हर रिकार्डो लॉकेटच्या पुढून पळवला. पेट्रियट्स २८-२४ जिंकले. लोक याला नशीब म्हणतात, पण हाच डाव त्याच्यावर प्रॅक्टिसमध्ये खेळला गेला होता आणि तेव्हा तो हरला होता, म्हणून या वेळी रचना बघताच त्याने झेप घेतली, आणि पुढे आता पेट्रियट्सकडे असलेल्या ब्राउनरने दुसरा रिसीव्हर जर्मेन कर्सला रोखून धरलं नसतं तर वाटही मोकळी मिळाली नसती. एनएफएलमधलं त्याचं हे पहिलंच इंटरसेप्शन.

एका बॉलवर नाव झालं, पण बटलरने ते नंतर खेळून सिद्ध केलं: स्टार्टर झाला, प्रो बोलला (निवडक चांगल्या खेळाडूंचा सामना) गेला. तरी ड्राफ्टमध्ये न निवडलेला आणि तीनच सीझन झालेला म्हणून २०१७ मध्ये त्याला टीमने ठरवलेले ३९ लाख १० हजारच घ्यावे लागले, कारण त्याला नेणाऱ्या टीमला ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड पेट्रियट्सना द्यावी लागली असती. मग ४ फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल आला, वर्षभर बचावात जवळजवळ सगळे स्नॅप (डाव) खेळलेला हा माणूस बचावात एकही स्नॅप खेळला नाही, ईगल्सनी ५३८ यार्ड काढले आणि पेट्रियट्स ४१-३३ हरले. तरीही पुढच्याच महिन्यात टेनेसी टायटन्सनी त्याला ५ वर्षांचे ६ कोटी १० लाख दिले, म्हणजे बाजाराने त्या एका रात्रीपेक्षा तीन सीझनची फिल्म जास्त महत्त्वाची मानली. टायटन्सकडे तो तीन सीझन खेळला आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याला सोडलं. २०२२ मध्ये पेट्रियट्सनी परत बोलावलं, पण दुखापतीमुळे सीझन सुरू व्हायच्या आधीच तो बाहेर पडला.