जीवधन : झिजलेला डोंगरी किल्ला

जीवधन हा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचा पडीक डोंगरी किल्ला. उंची सुमारे १,१४५ मीटर, पायथ्याचे गाव घाटघर. गडाला खेटून वानरलिंगी नावाचा सुमारे ३५० फुटी सुळका उभा आहे. गावाकडून चढताना गडाच्या आधी तोच नजरेत भरतो.

जीवधन उभा आहे तो नाणेघाटासाठी. कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरच्या बाजारात चढे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. तो इ. स. पू. पहिल्या शतकातला मानतात. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज वर नावे वाचता येतात आणि खाली फक्त पावले उरली आहेत. घाटावर नजर ठेवणारा गड म्हणून जीवधनचे नाते सातवाहनकाळाशी जोडतात, आणि कातळात खोदलेली टाकी व पायऱ्या पाहिल्यावर ते पटते.

पुढे गड निजामशाहीत होता. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी इथे कैदेत असलेल्या निजामशाही घराण्यातल्या बाल मुर्तझाला सोडवून पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. हा डाव तीनेक वर्षे टिकला. १६३६ च्या तहात जीवधन मोगलांकडे गेला. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्नर परिसरातले गड घेतले आणि इथल्या वाटा सुरुंगाने फोडल्या.

गडाची पडझड समजायला आधी दगड समजावा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर इथे एकावर एक बसले आहेत. टणक काळ्या बेसाल्टचा थर तासल्यासारखा उभा राहतो, तर मधला सच्छिद्र, भुसभुशीत थर पावसाने सुटून मुरूम होतो आणि उतारावर ओघळतो. गड बांधणाऱ्यांनी टणक थराचा कडा हीच तटबंदी मानली. जिथे कड्यात खिंड होती तेवढीच बुजवली, म्हणून बांधीव तट मुळातच थोडा. तोही आधी ढासळतो : चार महिन्यांच्या पावसात सांध्यांतला चुना धुऊन जातो, तटामागे पाणी साचते, भिंतीला पोट येते आणि एखाद्या पावसाळ्यात तेवढा भाग खाली बसतो. सांध्यात वड-उंबराने मूळ धरले तर हे काम लवकर उरकते. कोरलेल्याला मात्र सांधाच नसतो. म्हणून वाडे, शिबंदीची घरे गेली, त्यांची जोती गवतात चाचपडत शोधावी लागतात. पण टाकी शाबूत आहेत आणि घळीत दडलेला कल्याण दरवाजा कातळाच्या बळावर उभा आहे. सुरुंगाने फुटलेल्या पायऱ्यांच्या कडा अजून दातेरी आहेत, तर वर जिथे दारू पोचली नाही तिथल्या पायऱ्या पावलांनी मधोमध खोलगट झाल्या आहेत. दोन्हींवर हात फिरवला की माणसाने केलेली मोडतोड आणि काळाची झीज यांतला फरक तिथल्या तिथे कळतो.

बांधीव वास्तूंपैकी एकच चांगली टिकली : धान्यकोठी. दारावर गजलक्ष्मी आहे, आत एकापाठोपाठ एक अंधारी दालने. विजेरीशिवाय पुढचे पाऊल दिसत नाही. पायाखाली भुसभुशीत काळसर थर लागतो. १८१८ च्या धामधुमीत कोठीला आग लागली आणि साठवलेले धान्य जळाले, त्याचीच ही राख, असे सांगतात. पाहणाऱ्यांनी ती मूठभरही उचलून नेऊ नये. जुन्या कोठारांत काय साठवले होते हे अशाच थरांतल्या जळक्या दाण्यांवरून ओळखता येते, आणि एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. दालनांच्या भिंतींवर खडूने आणि टोकदार दगडाने लिहिलेली नावे पाहून जीव तुटतो.

माथ्यावर याखेरीज जीवाईदेवीचे पडके ठाणे आणि पाण्याची टाकी आहेत.

गडावर दोन वाटा चढतात : नाणेघाटाच्या बाजूने कल्याण दरवाजाची आणि घाटघरकडून जुन्नर दरवाजाची. फुटलेल्या पायऱ्यांमुळे दोन्हींत अवघड टप्पे आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर ते टाळावेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यांत जुन्नर तालुक्यातला शिवनेरी आहे, जीवधन नाही. शिवनेरी पाहायला येणाऱ्याने एक दिवस राखून नाणेघाट आणि जीवधन एकत्र पाहावेत. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि तिथून मान वर केली की गडाचा कडा समोरच दिसतो.