उंबराला फूल असतं, आणि भरपूर असतात!

उंबराला फूलच येत नाही, किंवा ते मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं नशीब उघडतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. खरं तर फुलं दिवसाढवळ्या समोर असतात. खोडाला लगडलेलं कोवळं, हिरवं उंबर मधोमध कापा. आत भिंतीला दाटीवाटीनं चिकटलेले बारीक तुरे म्हणजेच फुलं, शेकड्यांनी.

मग परागीभवन कसं होतं? टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून जेमतेम दोन मिलिमीटरची मादी वरटी (गांधीलमाशीच्या गटातला इवलासा कीटक) आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर मीलनानंतर भिंत पोखरून वाट काढतात. त्या वाटेनं माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. उंबरातले ‘किडे’ म्हणजे बहुतेक हेच, ती कीड नव्हे! या वरट्या नसतील तर उंबराला बी धरणार नाही. वड, पिंपळ यांच्याही अशाच आपापल्या वरट्या आहेत. अशी झाडं आणि त्यांच्या वरट्या यांची ही जोडी 6 कोटींहून अधिक वर्षं जुनी आहे.

उंबराच्याच कुळातलं पुरंदरचं अंजीर मात्र वरटीशिवायच पिकतं.