निसर्गचित्रणात फोकस हाताने की कॅमेऱ्याने: वादाची पार्श्वभूमी

निसर्गदृश्य टिपताना फोकस हाताने करावा की कॅमेऱ्यावर सोपवावा, हा प्रश्न १९८५ पूर्वी फारसा कोणाला पडतच नव्हता. ऑटोफोकसचा पहिला छोटा कॅमेरा १९७७ मध्ये बाजारात आला, पण तो घरगुती छायाचित्रांसाठी होता. मोटर आणि संवेदक एसएलआरच्या (लेन्सचेच दृश्य आरशातून डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) अंगातच बसवण्याची रचना १९८५ मध्ये यशस्वी झाली आणि तिच्यासोबत लेन्सही बदलल्या. फोकसची कडी सैल झाली, तिचा पल्ला आखडला आणि कडी अनंतावर (अतिदूरच्या वस्तूंच्या खुणेवर) थांबेनाशी झाली, कारण तापमानाने होणारे प्रसरण आणि मोटरची मागेपुढे होणारी चाल यांसाठी त्यापलीकडेही जागा ठेवावी लागली. हाताने फोकस करणे अवघड झाले ते यामुळे. ऑटोफोकसच्या कौतुकात ही बाब सहसा झाकली जाते.

खरा गुंता मात्र हायपरफोकल अंतराने केला. त्या अंतरावर फोकस केल्यास त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते, असा नियम आहे. ३५ मिमी फिल्मवर २४ मिमी लेन्स आणि एफ/११ (म्हणजे ॲपर्चर, लेन्सचे प्रकाशछिद्र, त्या २४ मिमीच्या अकराव्या भागाएवढे) यांसाठी ते सुमारे १.८ मीटर भरते. पण ०.०३ मिमी व्यासाचा धूसर ठिपका डोळ्याला बिंदूच भासतो, या गृहीतावर हा हिशेब उभा आहे, आणि ते साधारण ८ बाय १० इंची प्रत २५ सेंटिमीटरवरून पाहणाऱ्यासाठी होते. ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या) संवेदकावर तोच ठिपका सुमारे सात पिक्सेल व्यापतो. त्यामुळे हायपरफोकल अंतरांचा तक्ता तंतोतंत पाळणाऱ्याच्या चित्रात नेमके दूरचे डोंगरच मऊ पडतात, आणि दोष मात्र लेन्सला दिला जातो.

१९९० च्या सुमारास याच्या उलट मांडणी झाली: फोकस अनंतावरच ठेवावा, म्हणजे कोणत्याही अंतरावरची, ॲपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासाएवढी वस्तू ओळखू येते. वरच्या उदाहरणात हा व्यास २.२ मिमी आहे. तक्त्यांवर वाढलेल्यांना हे पटले नाही. डोंगररांगांच्या बाबतीत तरी ते अधिक रास्त वाटते.

डिजिटल एसएलआरमध्ये फोकस मोजणारा संवेदक आरशाखाली वेगळा असे, आणि त्याची जुळणी किंचित हलली तरी फोकस चुके. ऑटोफोकसची बदनामी बरीचशी तेव्हाची आहे. २००६ ते २००८ या काळात लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारे थेट दृश्य) आणि पाठोपाठ आरसाच नसलेले मिररलेस कॅमेरे आले, मोजणी मुख्य संवेदकावरच होऊ लागली, आणि दृश्याचा तुकडा दहापट मोठा करून हाताने फोकस करणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले. पुढे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम टिपण्याची सोयही कॅमेऱ्यातच आली, आणि अग्रभाग व डोंगर यांतील तडजोड पुष्कळदा टळली. धुके, अंधूक प्रकाश आणि तारे यांच्यापुढे ऑटोफोकस अजूनही चाचपडतो. म्हणून हवा तो बिंदू एकदा ऑटोफोकसने पकडून मग मॅन्युअलवर कुलूपबंद करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पुढच्या फ्रेमला फोकस हलू नये, एवढाच तिचा हेतू असतो.