करवतीचा दात किती घास घेतो

‘स्पीड वाढवा, कट साफ येतो.’ पॅनेल सॉ, म्हणजे प्लायसारख्या मोठ्या फळ्या कापणारी गोल ब्लेडची करवत, जिथे जिथे आहे, तिथे हे वाक्य ऐकायला मिळतं. सोलापुरातले कारखानेही त्याला अपवाद नाहीत. सनमायकाच्या कडेला टवके उडाले की बेल्ट दुसऱ्या पुलीवर जातो आणि चार हजारांचे पाच हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) होतात. कधी टवके खरंच कमी होतात, मग समज पक्का होतो. कधी कड काळी पडते, तेव्हा शिव्या ब्लेडला बसतात.

आरपीएम हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. लाकडाला भिडतो तो दात, आणि दाताचा वेग ब्लेडच्या व्यासावरही ठरतो. ३०० मिमीच्या ब्लेडचा दात एका फेरीत ०.९४ मीटर जातो. ४००० आरपीएमला हा वेग होतो सेकंदाला ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर! ५००० ला ७८ मीटर. पण त्याच ५००० वर ४०० मिमीचं ब्लेड चढवलं, तर थेट १०५. प्लाय आणि पार्टिकल बोर्डला साधारण ६० ते ८० मीटर मानवतात, भरीव लाकडाला थोडं जास्तही चालतं. ब्लेड मोठं तर फेरे कमी, आणि ब्लेडवर छापलेल्या कमाल आरपीएमच्या वर कधीच जायचं नाही, कारण फेरे सव्वापट झाले की ब्लेडला बाहेर ओढणारा ताण दीडपटीहून जास्त वाढतो.

मला याहून मजेशीर वाटतो तो दाताचा घास. एक दात एका खेपेला किती लाकूड उचलतो? मिनिटाला फळी जितके मिलिमीटर सरकली, त्याला आरपीएम आणि दातांची संख्या यांच्या गुणाकाराने भागायचं. फळी मिनिटाला १० मीटर, ४००० आरपीएम, ६० दात: घास ०.०४ मिमी. सनमायका लावलेल्या प्लायला छान. आता ९६ दात, ५००० आरपीएम, आणि टवक्यांच्या धास्तीने फळी ढकलली मिनिटाला जेमतेम ३ मीटर. घास उरला ०.००६ मिमी.

इथे गोची होते. कार्बाइडच्या दाताला कितीही धार असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली तिचं टोक गोलच दिसतं, आणि वापराने ही गोलाई वाढत जाते. घास तिच्याहून पातळ झाला की दात लाकडात शिरतच नाही. तो तंतू दाबत पुढे जातो, दबलेले तंतू मागून उसळून त्याच्या पाठीला घासतात. लाकडातून उष्णता सहज वाहत नाही, म्हणून ती दातात आणि ब्लेडच्या काठात साठते. काठ प्रसरण पावतो, मधला भाग थंडच राहतो, ब्लेड डगमगू लागतं आणि कापाच्या भिंतींना घासून आणखी तापतं. काठावर कोरलेल्या फटी याच प्रसरणासाठी असतात.

त्यात दात फळीला तिरका भेटत असल्याने खरी जाडी म्हणजे घास गुणिले त्या कोनाची ज्या (साइन). ब्लेड खाली असेल तर कोन लहान आणि भुसा आणखी पातळ. वर उचललं तर जाड, पण खालच्या बाजूला टवके जास्त. ते टाळायला मुख्य ब्लेडच्या पुढे छोटं, उलट फिरणारं स्कोअरिंग ब्लेड असतं. ते खालचा पापुद्रा आधीच चिरून ठेवतं.

फेरे आणि फळीचा वेग यांचं हे नातं सोलापूरकरांना कापड विणणाऱ्या यंत्रमागावरून चटकन कळावं. कापड ओढणारं रोलर मागाच्याच गिअरला जोडलेलं असतं. माग कितीही पळवा, इंचातले आडवे धागे तेवढेच पडतात. पॅनेल सॉवर तो गिअर नाही, तिथे कारागिराचा हात आहे. फेरे वाढवले की हातानेही वेग धरायला हवा, नाहीतर घास पातळ होणारच. खंडेनवमीला मशीनला हार जरूर घाला, पण वर्षभर टांगलेल्या लिंबू-मिरचीने घास जाड होत नाही. ‘जर्मन टेक्नॉलॉजी’च्या स्टिकरनेही नाही.

घास मोजायला यंत्र लागत नाही. सागवान कापताना भुसा चिमटीत धरून बघा: कण खरबरीत लागले तर दात कापतोय, पिठासारखा आणि गरम लागला तर घासतोय. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) मात्र कसंही कापा, पीठच पडतं. तिथे कडेचा रंगच बघावा लागतो, आणि ते पीठ नाकात जाऊ नये म्हणून मास्कही लावावा लागतो.