कार्बन आणि नायट्रोजन: वनस्पतींचा जोडहिशेब

वनस्पती पूर्णपणे वाळवून तिच्या वजनाची फोड केली, तर त्यातला 40 ते 45 टक्के भाग कार्बनचा आणि साधारणपणे 1 ते 5 टक्के भाग नायट्रोजनचा निघतो. हवेत मात्र प्रमाण उलटे आहे: तिथे नायट्रोजन 78 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.042 टक्के. तरीही वनस्पतीला चणचण भासते ती बहुधा नायट्रोजनची, कारण हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याचे साधन वनस्पतींकडे नाही. कार्बन हवेतून येतो आणि नायट्रोजन मुळांवाटे, हे द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने 1804 सालीच मांडले होते. दोन वाटांनी आलेली ही मूलद्रव्ये पानात पोहोचल्यावर मात्र एकमेकांवाचून अडतात.

पर्णरंध्रांतून आत शिरलेला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) करते. विकर म्हणून ते विलक्षण मंद आहे; त्याचे एक क्रियाकेंद्र सेकंदाला काही मोजकेच रेणू हाताळते, आणि त्यातही कित्येकदा कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनच पकडून बसते. या मंदपणावर वनस्पतींनी काढलेला तोडगा अगदी सरधोपट आहे: रुबिस्को भरमसाट बनवणे. गहू किंवा भाताच्या पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास प्रथिन हे एकटे रुबिस्को असू शकते, आणि पानातल्या एकूण नायट्रोजनचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यातच गुंतून पडतो. क्लोरोफिलच्या प्रत्येक रेणूतही नायट्रोजनचे 4 अणू असतात. कार्बन मिळवायचा, तर नायट्रोजनची गुंतवणूक आधी करावी लागते.

उलट बाजूने पाहिले, तर नायट्रोजनही फुकट मिळत नाही. मुळे तो मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत उचलतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पानांतून आलेल्या साखरेच्या ज्वलनातून मिळते. एका नायट्रेटपासून अमोनियम बनवायला 8 इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. पहिल्या पायरीत नायट्राइट तयार होते, आणि पानात उरलेले काम हरितलवकात, प्रकाशातून थेट मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर चालते. नायट्राइट विषारी असल्यामुळे ते साचू देऊन चालत नाही, म्हणून अंधार पडताच काही मिनिटांत पहिल्या पायरीच्या विकराला लगाम घातला जातो. अमोनियमही मोकळे ठेवता येत नाही. ते ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडून ग्लुटामिन हे दुसरे अमिनो आम्ल होते, आणि हे चक्र चालू राहण्यासाठी साखरेच्या विघटनातून मिळणारा 2-ऑक्सोग्लुटारेट हा कार्बनचा सांगाडा सतत पुरवावा लागतो. साखर संपली की नायट्रोजन पुष्कळ असूनही प्रथिने बनत नाहीत.

शेंगावर्गीय वनस्पती मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू पोसतात आणि ते हवेतला नायट्रोजन फोडतात. हा सौदा महाग आहे: नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किमान 16 रेणू खर्च होतात, आणि त्याची भरपाई वनस्पतीच्या साखरेतूनच होते.

मग तोल राखला कसा जातो? नायट्रोजन कमी पडला की वनस्पती जुन्या पानांतील प्रथिने मोडून तो नव्या पानांकडे वळवते. म्हणूनच पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. वाढ मंदावल्याने न वापरलेली साखर आणि पिष्ट पानांत साचते आणि साखरेचा मोठा वाटा मुळांच्या वाढीकडे जातो. हे सारे मेंदूशिवाय चालते, ते रासायनिक निरोपांच्या जोरावर. अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवर 2014 साली झालेल्या संशोधनात असे दिसले की नायट्रोजनला उपाशी मूळ एक लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) खोडामार्गे पानांकडे पाठवते आणि पानांतून परतलेला संदेश नायट्रेट मिळत असलेल्या दुसऱ्या मुळाला शोषण वाढवायला लावतो. एचवाय5 हे प्रथिन तर प्रकाश मिळालेल्या पानांकडून मुळांपर्यंत जाऊन नायट्रेटचे शोषण वाढवते, हे 2016 साली दाखवले गेले. मला या दोन शोधांपैकी पहिला अधिक विलक्षण वाटतो, कारण त्यात टंचाई एका मुळाला जाणवते आणि काम दुसरे मूळ करते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत असताना हा तोल ढळू लागतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे 550 पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 550 भाग) वाढवून उघड्या शेतांत केलेल्या प्रयोगांत गव्हाच्या दाण्यातील प्रथिने सुमारे 6 टक्क्यांनी आणि तांदळातील सुमारे 8 टक्क्यांनी घटली. पिष्ट वाढल्याने प्रथिनांचे प्रमाण पातळ होणे, हे त्याचे एक कारण आहे. पर्णरंध्रे आखडल्याने बाष्पोत्सर्जन घटते, आणि पाण्याच्या ओघाबरोबर मुळांपाशी येणारे नायट्रेटही कमी होते, हे दुसरे कारण मानले जाते. त्याच प्रयोगांत सोयाबीन आणि वाटाण्यातील प्रथिने फारशी हलली नाहीत. वाढीव साखर गाठींतल्या जिवाणूंना देऊन नायट्रोजन मिळवण्याची सोय त्यांच्याकडे आधीपासूनच होती.