जलमार्ग-शिष्टाचार : गळकरी आणि नावाडी (इंग्लंड)

एकाच कालव्यावर किंवा नदीवर गळ टाकून बसणारे मासेमार (गळकरी) आणि तेथूनच नाव हाकणारे नावाडी यांनी एकमेकांशी कसे वागावे, याविषयीचे अंशतः लिखित, बहुतांशी रूढीने चालत आलेले संकेत. या नोंदीत मुख्यतः इंग्लंडमधील अरुंद कालवे आणि टेम्स नदी यांचा विचार केला आहे. या कालव्यांवर दोन्ही छंद दाटीने नांदतात, आणि पाण्याची रुंदी इतकी कमी असते की एकमेकांना टाळणे शक्य नसते.

या संबंधाचे मूळ कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. सामान्यतः १२१५ च्या मॅग्ना कार्टातील (इंग्लंडच्या राजाने मान्य केलेली हक्कांची सनद) ३३ व्या कलमाकडे बोट दाखवले जाते. टेम्स व मेडवे या नद्यांतील, तसेच समुद्रकिनारा वगळता साऱ्या इंग्लंडमधील ‘किडेल’ काढून टाकावेत, असे ते कलम सांगते. किडेल म्हणजे प्रवाहात खुंट ठोकून, मध्ये फांद्यांचे कूड विणून केलेला मासे अडवण्याचा बांध. त्याच्या निमुळत्या टोकाशी जाळे किंवा टोपली असे. कोकणच्या खाडीत खुंटांवर ताणलेले डोल जाळे ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की किडेलची कुडाची भिंत पात्राचा बराच भाग अडवी. कलमात कारण दिलेले नाही, आणि वाद तेथेच सुरू होतो. एका मताप्रमाणे हेतू नौकानयन मोकळे करण्याचा होता. दुसऱ्या मताप्रमाणे सॅमनसारख्या मोसमी माशांना वर चढू देण्याचा होता. तिसरे मत असे, की सार्वजनिक पाण्यात खाजगी मिरासदारी उभी राहू नये, एवढेच त्यात आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने ११९७ मध्ये लंडन शहराला दिलेल्या सनदेत टेम्समधील किडेल काढण्याची आज्ञा आधीच आली होती, आणि तेथे शहराच्या नुकसानीचा उल्लेख आहे. त्यामुळे पहिले आणि तिसरे मत एकत्र धरणे अधिक सयुक्तिक दिसते. नावांच्या ये-जा करण्याला अडथळा होतो असे स्पष्ट कारण तिसऱ्या एडवर्डच्या १३५१ च्या (काही संदर्भांत १३५०) कायद्यात येते. आजोबा पहिला एडवर्ड याच्या काळापासून पुढे उभारलेले बांध पाडावेत, असे तो कायदा सांगतो.

हा वाद केवळ पुराभिलेखांपुरता नाही. इंग्लंडमधील सर्वच नद्यांवर जनतेला नाव नेण्याचा हक्क प्राचीन काळापासून आहे, असे कनू (वल्ह्याची हलकी नाव) चालवणाऱ्यांच्या बाजूचे अभ्यासक मानतात. भरती-ओहोटीच्या टप्प्यापलीकडे तो हक्क कायद्याने, देणगीने किंवा दीर्घ वापराने सिद्ध व्हावा लागतो, अशी मासेमारीचे हक्क बाळगणाऱ्यांची भूमिका आहे. न्यायालयांचा कल या दुसऱ्या भूमिकेकडे झुकतो. यॉर्कशरमधील डर्वेंट नदीच्या खटल्यात १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) असे ठरवले, की दीर्घ वापराने जमिनीवरची वाट सार्वजनिक ठरवणाऱ्या १९३२ च्या पायवाटविषयक कायद्यातील ‘जमीन’ या शब्दात नदीचे पाणी येत नाही. स्कॉटलंडमधील स्पे नदीबाबत मात्र १९७६ मध्ये निकाल उलटा लागला. तेथे पूर्वी लाकडाचे ओंडके वाहून नेले जात, या वहिवाटीवर सार्वजनिक नौकानयनाचा हक्क मान्य झाला.

कालव्यांची गोष्ट वेगळी आहे. ते मालवाहतुकीसाठी खणले गेले; ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला, तो या युगाचा आरंभ मानतात. वाहतूक ओसरल्यावर १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची वर्गवारी केली. त्यांतील ‘क्रूझिंग’ वर्गाचे जलमार्ग मुख्यतः जलविहार, मासेमारी आणि इतर करमणूक यांसाठी खुले ठेवावेत, असे कायदाच म्हणतो. दोन्ही छंद कायद्यात असे शेजारी बसवले आहेत, पण पाणी कसे वाटून घ्यावे हे तेथे सांगितलेले नाही. ती जागा शिष्टाचाराने भरली. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. नावाड्याला नौकेचा परवाना घ्यावा लागतो; गळकऱ्याला सरकारी रॉड (गळाची काठी) परवाना आणि शिवाय बहुधा त्या पट्ट्याचा हक्क भाड्याने घेतलेल्या क्लबचे तिकीट लागते. दोघेही पैसे भरतात, म्हणून पाणी आपलेच असे दोघांनाही वाटते.

शिष्टाचाराचा गाभा पाण्याच्या हालचालीत आहे. नॅरोबोट, म्हणजे या अरुंद कालव्यांवरची चिंचोळी लांब नाव, सुमारे २.१ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त २२ मीटरच्या आसपास लांब असते. कालवा मध्यभागी जेमतेम मीटर-सव्वा मीटर खोल असतो. नाव पुढे सरकते तेव्हा तिने ढकललेल्या पाण्याला मागे यायला तिच्या दोन्ही बाजूंची आणि तळाखालची चिंचोळी फटच उरते. त्या फटीतून पाणी उलट दिशेने धावते आणि नावेच्या बाजूची पातळी खाली बसते. काठावर बसलेल्याला आपला तरंगा (दोरावरचे तरंगणारे बोंड) आधी नाव जाते त्या दिशेने सरकताना, मग उलटा ओढला जाताना आणि नाव गेल्यावर पुन्हा परत येताना दिसतो. वेग वाढला की ही ओढ झपाट्याने वाढते, गाळ उठतो, माशांसाठी तळाशी पसरलेला चारा विस्कटतो. काठाशी लाट फुटू लागली, की नाव वेगात आहे हे निश्चित समजावे. अरुंद कालव्यांवर कमाल मर्यादा ताशी ४ मैल (सु. ६.४ किमी.) असली, तरी उथळ पट्ट्यात एवढा वेगही जास्त ठरतो.

म्हणून नावाड्याने बरेच आधी, गळकऱ्यापासून काही नावांच्या अंतरावर असतानाच, वेग उतरवावा आणि मग तोच वेग कायम ठेवावा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे अगदी जवळ आल्यावर सौजन्याने एकदम थांबणे. थांबायला नाव ढकलणारा पंखा (प्रॉपेलर) उलटा फिरवावा लागतो. पंख्याचा झोत तळ ढवळतो, नावेचा मागचा भाग एका बाजूला फेकला जातो आणि सुकाणू लागू पडत नाही. दुसरी चूक म्हणजे गळकऱ्यापासून दूर राहण्यासाठी समोरच्या काठाला चिकटणे. चारा बहुधा तेथेच, समोरच्या काठालगतच्या उथळ कट्ट्यावर टाकलेला असतो. गळकऱ्याने हाताने वेगळी खूण केली नसेल, तर नाव मध्यभागीच ठेवावी. मध्यावर नावांच्या पंख्यांनी खोल पन्हळ पडलेली असते; तेथील तळाला नावांची सवय असते आणि नावही तेथे कमी हादरे देते. स्पर्धेच्या दिवशी काठावर ओळीने गळकरी बसलेले असतात. तेव्हा दोघांमधल्या रिकाम्या जागेत वेग वाढवून पुन्हा कमी करणे सर्वांत त्रासदायक. शेवटचा गळकरी मागे पडेपर्यंत एकच चाल ठेवावी. आडवा वारा असेल, तर सपाट तळाची नाव फार हळू चालवता येत नाही. हे गळकऱ्यानेही समजून घ्यायला हवे.

गळकऱ्याकडून अपेक्षा आहे ती मुख्यतः वेळेवर हालण्याची. कालव्यावर गळासाठी कार्बन तंतूंचे जोडदार पोल (लांब काठ्या) वापरतात. त्यांची लांबी १६ मीटरपर्यंत जाते, म्हणजे पोल पुष्कळदा कालव्याच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतो. नाव नाकाशी येईपर्यंत वाट पाहिली, तर सुकाणूवाल्याला कळत नाही की याने आपल्याला पाहिले की नाही. पोल उचलून नाव खालून जाऊ देणे धोक्याचे आहे. तो मागे ओढावा. पण मागे टोपाथ असतो, म्हणजे पूर्वी नाव ओढणाऱ्या घोड्यांची वाट, जिच्यावर आता सायकली धावतात. म्हणून आधी दोन्हीकडे पाहावे, आणि पोल वाटेवर आडवा टाकून ठेवू नये. लॉकच्या (नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे कुंड) तोंडाशी, लॉकसाठी नाव बांधायच्या जागी, पाणी भरण्याच्या नळाशी आणि लांब नावा वळवण्यासाठी रुंद केलेल्या जागी बसू नये. ही वळण्याची जागा खोल असल्याने मासे तेथे जमतात, आणि वादही तेथेच अधिक होतात. तुटलेला नायलॉनचा दोर पाण्यात टाकणे हा केवळ असभ्यपणा नव्हे. तो पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जाऊन पाणी अडवणारी सील कापू शकतो. मग नावाड्याला इंजिन पूर्ण बंद करून, मागचे झाकण उघडून, गार पाण्यात हात घालून तो सोडवावा लागतो. त्यातच गळ असला तर हाताला जखम होते.

नावेने मासे पळतात, हा समज सरसकट खरा नाही. निवळ पाण्यात नाव गेल्यावर गाळ उठतो, पाण्याला रंग येतो आणि रोच, गजन यांसारखे मासे बिचकणे सोडून खाऊ लागतात, असा अनेक जाणत्या गळकऱ्यांचा अनुभव आहे.

टेम्सवरील तक्रारी जुन्या आहेत. एकोणिसाव्या शतकात गळकरी सपाट होड्या प्रवाहाला आडव्या, खांबांना बांधून बसत. वाफेच्या लाँचेसच्या लाटांनी त्या हेलकावत. टेडिंग्टन लॉकच्या वरच्या नदीसाठी १८८५ चा संरक्षण कायदा झाला, त्यामागे अशीही कुरबुर होती. आज त्या भागात वेगमर्यादा ताशी ८ किमी. आहे. नद्यांवर सॅमन-ट्राउट वगळता इतर माशांसाठी १५ मार्च ते १५ जून हा मासेमारीबंदीचा काळ पाळला जातो. बहुतेक कालव्यांवर तो २००० मध्ये उठवण्यात आला.

वल्ह्याच्या नावा आवाज न करता येतात, त्यामुळे त्यांच्यावर आधी हाक देऊन कोणत्या बाजूने जावे हे विचारण्याची जबाबदारी येते. गळकरी बहुधा रॉडचे टोक पाण्याखाली दाबतो, दोर बुडतो आणि नाव वरून सरकते. स्पेसारख्या सॅमनच्या नदीत गळकरी पाण्यात उभा असतो; तेथे त्याचा दोर फेकून होईपर्यंत प्रवाहाच्या वरच्या बाजूला थांबून, त्याच्या खुणेनंतर पुढे जाण्याची रीत आहे.

महाराष्ट्र-गोव्याच्या समुद्राला मिळणाऱ्या खाड्यांत अशा लिखित संकेतांची जागा मुख्यतः टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम घेतात. जाळी किंवा दोर लावल्यामुळे हालचाल मर्यादित झालेल्या नावेला यंत्रनौकेने वाट द्यावी, पण अरुंद मार्गात मासेमारी करणाऱ्या नावेने इतरांचा मार्ग अडवू नये, असे ते सांगतात. नावेमागे नुसती गळाची दोरी ओढत जाणारी होडी त्यांच्या व्याख्येप्रमाणे ‘मासेमारीत गुंतलेली’ ठरत नाही.